खरखर नेमकी कुणाची?

शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला, सेल टाकले, एरियल ताणली आणि कानावर आली नुसती घरघर? थांबा. रिटर्नचं बटण इतक्यात दाबू नका.

विनाइल रेकॉर्ड झाल्या, फिल्मवाले कॅमेरे झाले, आता नंबर शॉर्टवेव्हचा, असं निदान आमच्या ऑफिसातल्या लंच टेबलावरून तरी वाटतं. गेल्या काही महिन्यांत तिघांनी छोटे, देखणे, काळे डिजिटल सेट मागवले. तिघांचीही तक्रार एकच. 'एफएम झक्कास लागतं गं, पण शॉर्टवेव्हवर काहीच नाही. पीस खराब आलाय बहुतेक.' माझ्याकडे हा रोग बराच जुना असल्यामुळे ऑफिसातली रेडिओ-डॉक्टर मीच. आणि डॉक्टरकीच्या अनुभवावरून सांगते, पीस क्वचितच खराब असतो.

मुळात आपल्याला सवय एफएमची. शहरातल्या टॉवरवरून सरळ रेषेत येणारं, चोवीस तास, ठरल्या नंबरावर. शॉर्टवेव्हचा फंडाच वेगळा. साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या या लहरी वर जातात, जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावर आपटून परत खाली येतात, कधी कधी तर जमिनीवरून पुन्हा उसळी मारून आणखी एक उडी घेतात. म्हणून तर हजारो किलोमीटर लांबचं स्टेशन तुमच्या गॅलरीत उतरतं आणि जवळचं मात्र तुमच्या डोक्यावरून निघून जातं. एवढ्या लांबून थकूनभागून आलेला सिग्नल अगदी नाजूक असतो. आणि त्याचं स्वागत करायला तुमच्या घरात काय काय बसलेलं असतं, ते जरा बघू.

आधी घरातला चोर पकडा

सगळ्यात पहिली टेस्ट. रेडिओचा चार्जर काढा. रेडिओ सेलवर किंवा त्याच्या बॅटरीवर चालवा. निम्म्या लोकांची अर्धी खरखर इथेच जाते, कारण मोबाइलच्या चार्जरला लावून रेडिओ ऐकणं म्हणजे मिक्सरशेजारी बसून गाण्याचा क्लास लावणं.

दुसरी टेस्ट थोडी धाडसी आहे. रेडिओ एखाद्या रिकाम्या जागी, म्हणजे जिथे नुसती घरघर आहे तिथे लावून ठेवा आणि घरचा मेन एमसीबी खाली करा. (आईची सीरियल चालू नाही ना, एवढं बघून घ्या. हा टेक्निकल नाही, कौटुंबिक सल्ला आहे.) घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला विसरू नका. तो चालू राहिला तर टेस्टला अर्थ नाही, कारण स्वस्तातले इन्व्हर्टर स्वतःच जोरदार गोंगाट करतात. आता ऐका. घरघर एकदम पडली? मग चोर घरातलाच. एकेक स्विच वर करत जा, कळेलच कोण ते.

संशयितांची यादी लांबलचक आहे, पण पहिला मान एलईडी दिव्यांचा. मग लॅपटॉपचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा आणि वायफाय राउटरचा अडॅप्टर, इंडक्शनची शेगडी. या सगळ्यांच्या पोटात असतो स्विचिंग पॉवर सप्लाय. पूर्वीचे अडॅप्टर आठवतात? विटेसारखे जड, हाताला गरम लागणारे. त्यांच्यात तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा आणि तो रेडिओच्या दृष्टीनं अगदी मुका. आजचे चार्जर हलके का, तर ते वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून-जोडून कमी व्होल्टेजवर आणतात. या तोडजोडीचे पडसाद थेट शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात आणि घरभर फिरलेली वायरिंग त्यांची एरियल बनते. चांगल्या कंपनीच्या चार्जरमध्ये हे पडसाद अडवायला फिल्टर असतो. सिग्नलला मिळणाऱ्या नव्वद रुपयांच्या चार्जरमध्ये असतो की नाही, ते तुम्हीच ओळखा. आणि हो, फोन लावलेला नसला तरी सॉकेटमधला चार्जर ओरडू शकतो. तो उपटूनच काढायचा.

चोर पकडायला वेगळं यंत्र लागत नाही. रेडिओच हातात घ्या आणि एकेका वस्तूजवळ न्या. आवाज जिथे अंगावर येतो तिथे गुन्हेगार. मात्र तोच रेडिओ दोन-तीन मीटर लांब नेला की हा आवाज झपाट्यानं घटतो, हीच आपल्या बाजूची गोष्ट. एखादी वस्तू बंद करणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ राउटर (घरचे तुम्हाला घराबाहेर काढतील), तर तिच्या वायरवर फेराइटचा क्लिप-ऑन चोक लावून बघा. जुन्या मॉनिटरच्या केबलवर जी जाड गाठ असायची ना, तीच ही. वायरचे तीन-चार वेढे त्यातून घेतले तर गुण जास्त येतो.

मेन बंद करूनही घरघर तशीच? मग शेजारचे, लिफ्ट, जिन्यातले दिवे किंवा गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर. सोलरची खूण सोपी, दिवसभर भुणभुण आणि सूर्य मावळला की गप्प. याच्यावर तुमचा फारसा इलाज नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'तुमच्या दिव्यामुळे मला रोमानिया ऐकू येत नाही' असं सांगून बघा हवं तर.

गंमत म्हणजे ज्या लोडशेडिंगला आपण २००५ नंतरची काही वर्षं लाखोली वाहिली, ते रेडिओवाल्यांसाठी वरदान होतं. अख्ख्या एरियाची लाइट गेली की शॉर्टवेव्ह धुतल्यासारखी स्वच्छ व्हायची. आजही लाइट गेली की मी मेणबत्तीच्या आधी रेडिओ शोधते.

खिडकी, दोरी आणि सात मीटर वायर

आपल्या फ्लॅटच्या भिंतींत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. वर ॲल्युमिनियमच्या स्लाइडिंग खिडक्या आणि त्यांना ग्रिल. म्हणजे रेडिओच्या हिशेबानं आपण पिंजऱ्यातच राहतो. सेट सोफ्यावर ठेवून सिग्नलची वाट बघण्यात काही अर्थ नाही. खिडकीत जा, गॅलरीत जा, जमलं तर एकदा गच्चीवर जाऊन ऐका. गच्चीवर धडाधड स्टेशनं लागली तर रेडिओला निर्दोष सोडायला हरकत नाही.

एक गैरसमज इथेच मोडते. मीडियम वेव्हसाठी सेट गोल फिरवून बघतात, कारण तिची एरियल सेटच्या आत असते, फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली. शॉर्टवेव्हला बाहेरची टेलिस्कोपिक दांडी लागते. ती पूर्ण बाहेर काढा आणि सेट फिरवत बसण्यापेक्षा सेटची जागा बदला.

यानंतरचा उपाय एका वडापावच्या किमतीत होतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाच-सात मीटर साधी, प्लॅस्टिकच्या आवरणाची बारीक वायर आणा. एक टोक सोलून मगरीच्या तोंडाच्या चिमट्यानं रेडिओच्या दांडीला लावा आणि बाकीची वायर गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सोडा. दोरी नायलॉनची हवी, तारेची नको. विजेच्या वायरींपासून लांब, आणि खाली रस्त्यावर लोंबकळणार नाही अशी. फरक कानाला लगेच कळतो.

आता मोह होतो, की सात मीटरनं एवढं झालं तर वीस मीटर लावू! पोर्टेबल सेटला हा घास मोठा होतो. एखादं दणदणीत स्टेशन त्याच्या तोंडात कोंबलं जातं आणि मग तेच स्टेशन दहा ठिकाणी ऐकू येतं. विशेषतः साध्या सुपरहेटेरोडाइन सेटमध्ये, ज्याची आतली फ्रीक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते, बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली भूत दिसतं. खरं स्टेशन ११,९०० वर, तर त्याचं भूत १०,९९० वर. असं काही झालं तर वायर तोकडी करा किंवा सेटवर लोकल-डीएक्स असा खटका असेल तर तो लोकलवर टाका. कमी सिग्नलनं जास्त ऐकू येतं, हे पचायला जरा वेळ लागतो.

आणि एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वळवाचे ढग जमले, लांबवर वीज चमकली, की बाहेरची वायर काढून टाकायची. एप्रिल-मेच्या संध्याकाळी रेडिओत मध्येच 'कडाड्' असे फटके ऐकू येतात, ते शेकडो किलोमीटरवरच्या विजांचे असू शकतात. तो रेडिओचा दोष नाही, इशारा समजा.

स्टेशन आहे का तरी?

माझा एक कलीग आहे, वाकडला राहतो. त्यानं वडिलांच्या पंच्याहत्तरीला चांगला सेट भेट दिला. काका बँकेतून रिटायर झालेले, नोकरीची बरीच वर्षं मराठवाड्यात काढलेली. आठवड्याभरात कलीगचा चेहरा पडला. 'अगं, बाबा रोज संध्याकाळी घेऊन बसतात. काही लागत नाही. बोलत नाहीत, पण कळतं ना.' मी रविवारी गेले.

खरखरीचं कारण दोन मिनिटांत सापडलं. सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरच रेडिओ विराजमान होता. तो उचलून बेडरूमच्या खिडकीत ठेवला, वायर लावली, आणि बँड उघडला. काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, 'आता साडेसात वाजले की बीबीसी हिंदी लाव गं.' खिशातून एक कागद काढला. त्यावर निळ्या शाईत फ्रीक्वेन्सी लिहिलेल्या, जुन्या डायरीतून उतरवलेल्या.

३१ ऑक्टोबर १९८४ ला ते एका तालुक्याच्या गावी ब्रँचमध्ये होते. आकाशवाणीनं इंदिरा गांधींच्या निधनाची बातमी संध्याकाळी दिली. बीबीसीवर ती त्याआधीच येऊन गेली होती आणि कॅशियरच्या काउंटरमागे ठेवलेल्या ट्रान्झिस्टरभोवती अख्खी ब्रँच गोळा झाली होती, असं त्यांनी सांगितलं. पुढे जुना सेट बंद पडला, घरात टीव्ही होता, मग मोबाइल आला, रेडिओ राहून गेला.

मी सांगितलं, 'काका, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं.'

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, 'मला वाटायचं, ते तिथेच असतील. मीच गेलो नाही इतकी वर्षं.'

ऑफिसातल्या कुणाला हे सांगताना काहीच वाटलं नसतं. इथे जड गेलं. १९४० साली सुरू झालेली ती सेवा, ऐंशी वर्षांनी लहरींवरून उतरली. ती एकटी नव्हती. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले, रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ मध्ये. ज्या रेडिओ सिलोननं १९५२ पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरांत पोचवली आणि बुधवारची संध्याकाळ गाजवली, त्याचा तो जमाना तर कधीच मागे पडला. वडिलांच्या आठवणीतल्या फ्रीक्वेन्सी घेऊन रेडिओ तपासणं म्हणजे जुन्या पत्त्यावर पत्र टाकणं. उत्तर आलं नाही म्हणून पोस्टाला का दोष द्यायचा?

थोड्या वेळानं काकाच म्हणाले, 'बरं. मग आता काय लागतं ते दाखव.' ३१ मीटर बँडवर हळूहळू सरकत गेलो. एका ठिकाणी कुणीतरी स्पष्ट, खणखणीत अरबीत बोलत होतं. काकांना अरबीचं अक्षर येत नाही. त्यांनी मला हातानंच थांब म्हटलं आणि पंधरा मिनिटं ऐकलं.

तर नवख्यांनो, तिसरी तपासणी वेळापत्रकाची. शॉर्टवेव्हची स्टेशनं वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपली वेळापत्रकं बदलतात. काही तर दिवसातून तासभरच एका ठिकाणी असतात. वेळ यूटीसीमध्ये दिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली घड्याळाची वेळ. १४०० यूटीसी म्हणजे संध्याकाळचे साडेसात. हे गणित चुकवून रेडिओला नावं ठेवणारे मी डझनभर पाहिलेत. आणि स्टेशनं जवळपास नेहमी ५ च्या पटीत असतात. ९,७४३ वर काही पुटपुटतंय असं वाटलं तर ९,७४० आणि ९,७४५ दोन्ही लावून बघा. ऑटो स्कॅनवर तर मुळीच विसंबू नका, तो नाजूक सिग्नल सरळ ओलांडून जातो. बटण किंवा चाक हातानं फिरवा, हळू. खिशात मावणाऱ्या काट्याच्या सेटवर तर केसाइतकं सरकलं तरी चार स्टेशनं मागे पडतात.

दिवसा वर, रात्री खाली

आता आकाशाकडे. आयनांबराच्या खालच्या अंगाला डी नावाचा थर असतो. सूर्य आहे तोवर तो असतो आणि खालच्या फ्रीक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की विरून जातो. म्हणून दुपारी बारा वाजता ४९ मीटर बँडवर, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या आसपास, परदेशी स्टेशन शोधणं बहुधा फुकट. दिवसा वर जायचं, १९ मीटर म्हणजे १५ मेगाहर्ट्झ किंवा १६ मीटर म्हणजे साडेसतरा. रात्री खाली यायचं, ४१ आणि ४९ मीटरवर. ३१ आणि २५ मीटर हे मधले, संध्याकाळी सहा ते दहा यांच्यावर घालवा. ऑफिसवाल्यांच्या सोयीचीच वेळ आहे. (मीटर आणि मेगाहर्ट्झचा गोंधळ झाला तर ३०० ला एकानं भागलं की दुसरं मिळतं.)

सूर्याचे स्वतःचे मूडही असतात. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात सौरडाग वाढतात-घटतात. डाग जास्त तेव्हा वरचे बँड जोरात. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्य कमाल अवस्थेत पोचल्याचं जाहीर केलं. पण हाच तापलेला सूर्य दगाही देतो. मोठी सौरज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, डी थर घट्ट होतो आणि उजेडाच्या बाजूची शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तासभर ठार बंद. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेवरून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, ते भूचुंबकीय वादळ अशा दिवसांपैकी. त्या आठवड्यात नवा रेडिओ घेतलेल्याचं काय झालं असेल कोण जाणे.

रेडिओ, वायर, आकाश, नेमकं गडबड कुठे आहे हे एका झटक्यात बघायचं असेल तर माझी आवडती ट्रिक सांगते. संध्याकाळी बरोबर १०,००० किलोहर्ट्झ लावा. चीनच्या शान्शी प्रांतातून बीपीएम नावाचं केंद्र घड्याळाची टिकटिक पाठवतं. दर सेकंदाला 'टिक्' ऐकू आलं तर तुमचा सेट, तुमची एरियल आणि वरचं आकाश, तिघंही जागेवर आहेत. नाही आलं तर ५,००० आणि १५,००० वरही बघा.

काही आवाज मात्र मुळात बिघाडच नसतात. आवाज समुद्राच्या लाटेसारखा वर-खाली होतो, मध्येच चिरका होतो, तो फेडिंगचा. एकच सिग्नल दोन वाटांनी येतो आणि स्वतःशीच भांडतो. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बदकं बोलतायत असं वाटलं तर ते हौशी हॅम रेडिओवाले आहेत. त्यांची भाषा कळायला सेटवर एसएसबी हवं, ते नसेल तर बदकंच ऐका. यंत्रासारखी टकटक किंवा करवतीसारखी धार लागली तर ती एखाद्या देशाची लांब पल्ल्याची रडार असू शकते. आणि स्वस्त डीएसपी सेट सिग्नल कमकुवत झाला की आवाजच दाबून टाकतात. तिथे बँडविड्थ कमी करा, म्हणजे शेजारच्या स्टेशनची शिट्टीही जाते.

एवढं करून एखादं लांबचं स्टेशन नीट लागलं, की त्यांना रिसेप्शन रिपोर्ट पाठवा. तारीख, यूटीसी वेळ, फ्रीक्वेन्सी, रेडिओचं मॉडेल, एरियल, आणि सिनपो. म्हणजे सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला १ ते ५ मार्क. पाच म्हणजे उत्तम. सोबत निदान पंधरा-वीस मिनिटांच्या कार्यक्रमात काय काय ऐकलं ते मिनिटांसकट लिहा, म्हणजे तुम्ही खरंच ऐकलंत हे त्यांना पटतं. 'प्रोग्राम छान होता' एवढ्यावर कुणी दाद देत नाही. काही स्टेशनं आजही उत्तरादाखल छापील क्यूएसएल कार्ड पोस्टानं धाडतात. यायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पत्ता लिहिताना पिनकोड नीट टाका.